दर सांगायचा आणि गप्प बसायचं

(नाशिकमधल्या एका महाविद्यालयात विद्यार्थिनींच्या उद्योजिका क्लबपुढे केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

नमस्कार. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझी ओळख ‘यशस्वी उद्योजिका’ अशी करून दिली. मी तिला मघाशी म्हटलं होतं, नुसतं ‘अंबडला खोकी बनवतात’ एवढंच सांग. तिने ऐकलं नाही. बरं केलं. पाहुणी काहीही म्हणो, तिला जे बोलायचं होतं ते ती बोलली.

खोकी म्हणजे पुठ्ठ्याची. द्राक्षांची. जानेवारी ते एप्रिल आमच्याकडे जेवायला वेळ नसतो, आणि मग उरलेलं वर्ष सातपूर-अंबडच्या लहान कारखान्यांना सुट्या भागांची खोकी पुरवण्यात जातं. या धंद्यात दिसण्यासारखं काही नाही. उद्घाटनाला कोणी येत नाही. पण आज मी कारखान्याबद्दल फार बोलणार नाही. तुमच्या वयाची असताना मी अशाच एका क्लबची अध्यक्ष होते, त्याबद्दल बोलायचं ठरवलंय. कारण कारखान्यात जे काही मला जमतं, त्यातलं बरंचसं तिथे चुकून-चुकून आलंय.

२००८ सालची गोष्ट. मी कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या मॅडमनी मुलींसाठी क्लब काढला आणि पहिल्याच दिवशी विचारलं, अध्यक्ष कोण होणार? सगळ्या मुलींनी माना खाली घातल्या. मी जरा उशिरा घातली. झाले अध्यक्ष.

मुलगे चिडवायचे, की मुलींचाच क्लब का, आमचा का नाही? मॅडम म्हणायच्या, तुमचा आहे की, गेटबाहेरच्या टपरीवर रोज भरतो. तेव्हा आम्ही हसलो, पण ते शंभर टक्के खरं होतं. कोणाच्या मामाचा गाळा, कोणाच्या चुलत्याची एजन्सी, कोणाला कुठे जागा स्वस्तात मिळतेय, ही सगळी माहिती त्या टपरीवर कटिंगबरोबर फिरायची. माझ्या वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. माझा भाऊ दहावीपासून गल्ल्यावर बसायचा. मला कोणी बस म्हटलं नाही. त्यात वाईट हेतू नव्हता, कोणाला सुचलंच नाही. गंमत म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाच्या बरोबरीने हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्राने १९९४ सालीच केली होती, देशभर ती २००५ मध्ये झाली. म्हणजे मी बालवाडीत असताना कायद्याला सुचलं होतं. दुकानाच्या किल्ल्या मात्र भावाच्याच कंबरेला.

तर क्लब. पहिलं काम दिवाळीचा स्टॉल. उटणं, पणत्या, चिवडा, ज्या मुलीला जे जमेल ते तिने आणायचं आणि नफा तिचा तिने घ्यायचा. मी उटणं ठेवलं होतं. पुडी तीस रुपये. एक बाई आल्या, पुडी उचलली, वास घेतला आणि विचारलं, “कितीला?” मी म्हटलं, “तीस... पण पंचवीसला देते. घरचंच आहे.” बाईंनी पंचवीस रुपये दिले आणि गेल्या. मॅडम मागे उभ्या होत्या. त्यांनी एवढंच विचारलं, “त्यांनी कमी मागितले होते का गं?”

नव्हते मागितले. मीच माझ्याशी घासाघीस केली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी रिकाम्या वर्गात आम्हाला जोडीजोडीने समोरासमोर उभं केलं. एकीने किंमत विचारायची, दुसरीने दर सांगायचा आणि गप्प बसायचं. पाच आकडे मनात मोजून होईपर्यंत तोंड उघडायचं नाही. बस, एवढंच. तुम्हाला सोपं वाटेल. आमच्यातली एकही पहिल्यांदा पाचापर्यंत पोहोचली नाही. कोणी हसायची, कोणी ओढणी नीट करायची, कोणी तिसऱ्याच आकड्याला “म्हणजे तसं काही नाही, तुम्ही बघा” असं म्हणून मोकळी व्हायची. त्या शांततेत आपण काहीतरी उद्धटपणा करतोय असं वाटायचं. आम्हाला लहानपणापासून घरात कुठेही शांतता पडली की ती भरून काढायची सवय लावलेली असते. पाहुणे गप्प बसले की पोहे, सासरचे गप्प बसले की चहा. आता धंद्यात ती शांतता भरायला पोहे नसतात, मग आपण सूट देतो.

आणि ते ‘घरचंच आहे’. हा शब्द मला अजून कुठल्याही प्रदर्शनात ऐकू येतो आणि अंगावर काटा येतो. चिवड्याचा हिशेब मुली असा मांडायच्या: पोहे, दाणे, डाळं, तेल, पिशवी. संपलं. मी विचारलं, भाजला कोणी? आईने. आईची मजुरी? वर्गात हशा. मॅडमनी फळ्यावर ‘मजुरी’ असा रकाना काढला आणि तो भरल्याशिवाय दर ठरवायचा नाही असा नियम केला. चिवड्याचा दर किलोमागे चाळीस रुपयांनी वाढला. आम्हाला वाटलं आता कोणी घेणार नाही. घेतला लोकांनी. नाशिककर चिवड्याच्या बाबतीत चोखंदळ आहेत, कंजूष नाहीत.

आता ज्यासाठी आज उभी आहे ती गोष्ट. संक्रांत.

माझ्या डोक्यात आलं की हळदीकुंकवाचं तयार वाण विकायचं. नोकरी करणाऱ्या बायकांना बाजारात जायला वेळ नसतो. स्टीलची छोटी वाटी, त्यात हळदीकुंकवाची पुडी, तिळगूळ, वर जाळीचा कपडा, लाल दोरी. आम्ही एकतीस जणी होतो, प्रत्येकीची वर्गणी दोनशे, म्हणजे ६,२०० रुपये ही क्लबची सगळी पुंजी. भांडी बाजारात चौदा रुपयांनी चारशे वाट्या घेतल्या, ५,६०० रुपये. बाकी सजावटीला नगामागे दीड रुपया, ६००. पुंजी शून्यावर. चारशे वाट्या चार पोत्यांत भरून शालिमारहून बसने आणल्या. तेव्हा शहर बस एसटीचीच होती. कंडक्टरने लगेजचं तिकीट फाडलं, ते मी माझ्या खिशातून भरलं आणि वहीत लिहिलं नाही. ही माझी पहिली चूक, पण ती लहान होती.

दर पंचवीस. संक्रांतीच्या संध्याकाळपर्यंत नव्वद वाट्या गेल्या. तीनशे दहा शिल्लक. माझ्या पोटात गोळा. संक्रांत संपली, आता कोण घेणार? त्याच रात्री मी कोणालाही न विचारता एका ओळखीच्या दुकानदाराकडे गेले आणि सगळा माल बारा रुपयांनी देऊन टाकला. ३,७२० रुपये मोजून घेतले. दुकानदारांनी दर विचारला तेव्हा मी अठरा म्हटलं होतं. ते गप्प बसले. मी बारावर आले. तो पाच आकड्यांचा खेळ त्यांना कोणी वर्गात शिकवला नव्हता.

तिसऱ्या दिवशी इंदिरानगरातल्या एका सोसायटीतून फोन आला. दीडशे वाण हवेत, पंचवीसला चालतील. दीडशे गुणिले पंचवीस किती होतात सांगा. ३,७५०. मी तीनशे दहा वाट्या देऊन त्याहून तीस रुपये कमी आणले होते.

कारण हळदीकुंकू संक्रांतीला संपत नाही, सुरू होतं. रथसप्तमीपर्यंत चालतं. त्या वर्षी रथसप्तमी फेब्रुवारीच्या सुरुवातीला होती. जवळजवळ तीन आठवडे माझ्या हातात होते. हे मला माहीत नव्हतं असं नाही हो, मी मराठी घरातच वाढलेय! पण अध्यक्ष झाल्यावर माणसाला साध्या गोष्टी आठवेनाशा होतात. आणि आठवण करून देणारी होती. निफाडकडची पहिल्या वर्षाची एक मुलगी, मागे बसायची. तिने आधीच्या मीटिंगमध्ये म्हटलं होतं, “ताई, आमच्याकडे तर खरी गर्दी नंतरच असते.” मला तिचं बोलणं आठवत होतं. त्यावर मी काय बोलले तेही आठवत होतं. मी म्हटलं होतं, “हो हो, ते बघू,” आणि पुढचा मुद्दा घेतला होता.

शनिवारी मीटिंग. खर्च ६,२००, जमा ५,९७०. तोटा २३०. मी रात्रभर विचार करून ठरवलं होतं की २३० रुपये मी घालते आणि वहीत ‘ना नफा ना तोटा’ लिहू या. खजिनदार मुलगी माझी वर्गमैत्रीण, एका डब्यात जेवणारी. ती म्हणाली, “पैसे घाल, देणगी म्हणून लिहीन. पण तोटा तोटाच लिहिणार.” मला इतका राग आला! मी मॅडमकडे बघितलं. मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. मग मी उभी राहिले आणि आकडे वाचून दाखवले, दुकानदाराचे बारा रुपयेसुद्धा. वाचून झाल्यावर खुलासा द्यायचा होता. चार वाक्यं तयारही होती. का कोण जाणे, ती बोलले नाही. गप्प बसले. पाच आकडे झाले, दहा झाले. आणि मग ती निफाडची मुलगी बोलली, तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. तोपर्यंत मीटिंग म्हणजे मी बोलायचं आणि तीस जणींनी ऐकायचं असं होतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की आमच्यातल्या चार मुलींच्या आया बचत गट चालवतात आणि एकीची मावशी भांडी बाजारात घाऊक खरेदी करते. म्हणजे चौदाची वाटी आम्हाला आणखी स्वस्त पडली असती. सहा महिने ही माहिती खोलीत बसून होती.

पुढे लिज्जत पापडाची हकीकत वाचली तेव्हा ते २३० रुपये पुन्हा आठवले. १५ मार्च १९५९ ला गिरगावातल्या सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन गच्चीवर पापड लाटले, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. हे सगळे सांगतात. मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की तोटा झाला तरी देणगी घ्यायची नाही असं त्यांनी सुरुवातीलाच ठरवलं होतं. नफा सगळ्यांचा, तोटाही सगळ्यांचा. मी माझ्या खिशातून तोटा भरायला निघाले होते ते मोठेपणा म्हणून नव्हे. तो माझा एकटीचा राहावा, कोणी त्याबद्दल प्रश्न विचारू नये, म्हणून.

आमच्या क्लबमध्ये मेंदी स्पर्धा, रांगोळी स्पर्धा, पाहुण्यांना शाल-नारळ हेही झालं. त्याबद्दल बोलत नाही. मला आज शाल मिळालीय, तेव्हा बोलायला तोंडही नाही.

आता कारखान्याचं थोडं सांगते, कारण वर्गातला तो खेळ तिथे रोज लागतो. कागदाचा रीळ आम्हाला रोखीने किंवा फार तर महिन्याच्या उधारीने मिळतो. खोकी घेणारा मात्र सीझन संपल्यावर बघू म्हणतो. तीन-तीन महिने पैसे अडकतात. माल चांगला, ऑर्डर भरपूर, आणि तरी पगाराच्या दिवशी घाम, अशी लहान कारखानदारांची गत असते. २००६ चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा, म्हणजे एमएसएमई कायदा सांगतो की नोंदणी असलेल्या लहान उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत दिलेच पाहिजेत, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून तर मुदतीत न दिलेली रक्कम माल घेणाऱ्याला, ती प्रत्यक्ष देईपर्यंत, आयकरासाठी खर्चात धरता येत नाही. ही नोंदणी, म्हणजे उद्यम नोंदणी, फुकट आहे, घरबसल्या होते. हे लिहून घ्या, टाळ्या नंतर वाजवा.

पण कायदा बिलावर छापता येतो, मागावं आपल्यालाच लागतं. दोन वर्षांपूर्वी द्राक्षं पॅक करणाऱ्या एका पॅकहाउसकडे माझी रक्कम चार महिने अडकली होती. गेले. मालक म्हणाले, “ताई, तुम्ही तर घरच्या.” पुन्हा तेच घरचं! मी रक्कम सांगितली, तारीख सांगितली आणि गप्प बसले. वर पंखा कुरकुरत होता. त्यांनी चहा मागवला. मी चहा प्यायले, पण बोलले नाही. ते पावसाबद्दल बोलले, मुलाच्या ॲडमिशनबद्दल बोलले. शेवटी ड्रॉवर उघडला. निम्म्या रकमेचा चेक मिळाला, निम्मी पंधरा दिवसांनी. सगळी त्याच दिवशी मिळाली असती तर ही गोष्ट जास्त छान झाली असती, पण निम्मीच मिळाली.

पद सोडणं मला फार जड गेलं, हेही सांगायला हवं. तिसऱ्या वर्षी ती निफाडची मुलगी अध्यक्ष झाली. मी रोज तिला फोन करायची, हे केलंस का, ते केलंस का. एक दिवस तिने फोन उचलणं बंद केलं. मी आठवडाभर रुसून होते. त्या संक्रांतीला त्यांनी आठशे वाट्या रथसप्तमीपर्यंत विकल्या. मला आमंत्रण होतं, वाणही मिळालं. वाटी अजून घरात आहे, माझी मुलगी त्यात दही खाते.

मला सांगितलंय की आता तुमची मासिक मीटिंग आहे आणि दिवाळीच्या स्टॉलचा हिशेब वाचायचा आहे. अध्यक्ष कोण? तू का? ये, माइक घे. मी मागच्या बाकावर बसते. मला अधूनमधून ‘मॅडम, तुम्हाला काय वाटतं’ असं विचारू नका. चहा आला तर तेवढा द्या.