पाटी थोडी उशिरा आली तरी चालेल

बालवाडीच्या दारात पालक एक प्रश्न हमखास विचारतात, ‘ताई, लिहायला कधी घेणार?’ त्यामागची काळजी मला कळते. शेजारच्या मुलाची वही एबीसीडीनं भरलेली असते आणि आपलं पोर घरी येऊन सांगतं, ‘आज चिंचोके खेळलो.’ तेव्हा आज त्या चिंचोक्यांबद्दलच बोलू.

चार वर्षांच्या मुलीपुढे टोपली ठेवली आहे. तिच्यात चिंचोके, शिंपले, सागरगोटे सगळं मिसळलेलं. तिला कुणी काही सांगितलेलं नाही. ती आपणहून राशी लावू लागते. मध्येच एक फुटका चिंचोका हाती येतो, बाहेरून तपकिरी, आतून पांढरा. ती थबकते. शेजारच्या मुलाला विचारते, ‘हा कुठं ठेवू?’ तो म्हणतो, ‘शिंपल्यात, पांढरा आहे ना!’ ती मान हलवते आणि फुटक्यांची वेगळी रास करते. सारखं काय, वेगळं काय, हे ठरवण्यापासून गणित सुरू होतं. तिनं नियम केला, तो अडला, तेव्हा नवा केला. वर त्यावर वादही घातला. वहीत शंभर वेळा ‘१’ गिरवून यातलं काहीच घडत नाही.

शिवाय चिमटीत चिंचोका धरताना तिची बोटं तयार होत असतात. मूल जन्मतं तेव्हा त्याच्या मनगटातली आठही छोटी हाडं कूर्चेची, म्हणजे मऊ, लवचीक असतात. ती पक्की होत जायला दहा-बारा वर्षं लागतात. अशा हातात तिसऱ्या वर्षीच पेन्सिल कोंबून रेघेत अक्षर काढायला लावणं हा मुलावर अन्याय आहे, असं मी स्पष्ट म्हणते. त्या हाताला माती मळू द्या, मणी ओवू द्या, शेंगा सोलू द्या. अक्षर पुढे सहज वळेल.

हे काही परदेशातून आलेलं नवं खूळ नाही. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी गुजरातेत भावनगरला बालशिक्षणाचे प्रवर्तक गिजुभाई बधेकांबरोबर काम केलं आणि १९४५ मध्ये डहाणू तालुक्यातल्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचं काम उभं केलं. अनुताई वाघ तिथेच त्यांना येऊन मिळाल्या. पुढे हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या पाड्यांमध्ये गेलं. मुलं बालवाडीत येईनात. कुणी गुरांमागे, कुणी कडेवर धाकटं भावंड घेऊन. तेव्हा या दोघींनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. आधी हातपाय धुणं, केस विंचरणं, मग गाणी, गोष्टी, खेळ. साधनं म्हणजे आसपासच्या बिया, पानं, खडे, शंख-शिंपले. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी तर कुरणातच शाळा भरवली. मूल जिथे आहे, जी भाषा बोलतं, तिथून सुरुवात करायची, हा धडा आपण अजून पुरता गिरवलेला नाही. आजही पाड्यावरच्या मुलाशी पहिल्या दिवसापासून पुस्तकी मराठीत बोललं की ते गप्प होतं, आणि आपण त्याला बुजरं म्हणून मोकळे होतो.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना आली आणि अंगणवाडी देशभर पोहोचली. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं तीन ते आठ हा वयोगट पायाभूत टप्पा मानला. कागदावर हे उत्तमच आहे.

पण अंगणवाडीताईची सकाळ बघा. वजनं, उंच्या, पोषण आहार, लसीकरणाच्या याद्या, गृहभेटी, मोबाइलवर भरायची माहिती. ही कामं गरजेचीच आहेत. कुपोषित पोर शिकणार कसं? मात्र या सगळ्यातून गोलात बसून गोष्ट सांगायला तिच्याकडे वेळ किती उरतो? गोष्ट अर्ध्यावर टाकून ताई फोन घ्यायला उठली की मुलं पांगतात आणि पुन्हा जमवताना सगळा रंग गेलेला असतो. म्हणून पालकसभेत ‘लिहायला कधी घेणार’ हे विचारण्याऐवजी दुसरी मागणी करा. सकाळचे दोन तास ताई फक्त मुलांबरोबर असेल, त्या वेळात तिला कुणी रजिस्टर मागणार नाही, असा ठराव ग्रामसभेत मांडा. मांडणीसाठी मदत लागली तर मी येईन.