न उडालेलं रॉकेट विकणारी बाई

नमस्कार मंडळी, मागं घरघर ऐकू येत असेल तर ती पप्पांच्या लेथची आहे, उद्यमनगरात खाली वर्कशॉप आणि वर माझा स्टुडिओ, म्हणजे माळाच की, तेवढं चालवून घ्या. आणि आधीच सांगतो, कोल्हापुरात पोरीपण 'आलो', 'गेलो' असंच बोलतात, कॉमेंटमध्ये व्याकरण शिकवायला येऊ नका.

तर आज ग्विन शॉटवेल. स्पेसएक्स म्हटलं की सगळ्यांना मस्कच आठवतो, पण रोजचा गाडा हाकते ही बाई, २००८ पासून कंपनीची प्रेसिडेंट. नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीतून मेकॅनिकल इंजिनिअरिंग, वर अप्लाइड मॅथ्समध्ये मास्टर्स. इंजिनिअर का झाली? शाळेत असताना आईनं तिला महिला इंजिनिअरांच्या एका कार्यक्रमाला नेलं, तिथं एक मेकॅनिकल इंजिनिअर बाई बोलायला होत्या, त्यांचा सूट आणि बूट हिला जाम आवडले. झालं. हे ती स्वतःच सांगते आणि मला त्यामुळंच ती आवडते, नाहीतर ज्याला बघावं त्याला लहानपणी गच्चीवर झोपून तारेच दिसलेले असतात.

मग एअरोस्पेस कॉर्पोरेशनमध्ये दहाएक वर्षं. तिथं थर्मल अॅनालिसिस, म्हणजे उपग्रहाची एक बाजू उन्हात भाजते, दुसरी सावलीत गोठते, त्यात आतल्या वस्तू टिकवायच्या कशा त्याचं गणित. पुढं मायक्रोकॉझम नावाची छोटी कंपनी. तिथला सहकारी हान्स कोनिग्समान २००२ मध्ये स्पेसएक्सला गेला, ही त्याच्याबरोबर जेवायला गेली, परत सोडायला ऑफिसात गेली, तिथं मस्क भेटला, तर हिनं तोंडावर सांगितलं की तुम्हाला धंदा आणायला पूर्णवेळ माणूस पाहिजे. ती जागा तयार झाली आणि हिलाच मिळाली.

आता इथं आपल्याकडचा माणूस नाक मुरडणार, इंजिनिअर होऊन सेल्समध्ये? मीपण मुरडलं असतं. थांबा, हे बघा.

दिसतोय का? साधा नट आहे, खालनं आणला. २४ मार्च २००६, पॅसिफिकमधलं ओमेलेक बेट, स्पेसएक्सच्या पहिल्या रॉकेटचं, फाल्कन वनचं, पहिलं उड्डाण. अर्ध्या मिनिटात इंजिन बंद आणि रॉकेट खाली. कारण इंधनाच्या पाइपावरचा अॅल्युमिनियमचा एक नट, असाच, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं खाल्ला, तो तडकला, इंधन गळलं, आग लागली. वरचा उपग्रह कुठं पडला माहितीय? त्यांच्याच बेटावरच्या शेडचं छप्पर फोडून आत. पुढं तसले नट स्टेनलेस स्टीलचे केले, म्हणजे आपला कुठलाही फिटर पहिल्या दिवशी बोलला असता ते.

२००७ मध्ये दुसरंपण वाया गेलं. ऑगस्ट २००८ मध्ये तिसरं, आणि ते बघण्यासारखं आहे. खालचं इंजिन बंद झालं, दोन भाग सुटले, पण इंजिनात उरलेल्या इंधनाचा थोडा रेटा अजून होता, त्यामुळं खालचा भाग मागनं येऊन वरच्यावर धडकला. हे जमिनीवरच्या टेस्टमध्ये का सापडलं नाही, तर तो रेटा इतका कमी की इथल्या हवेच्या दाबापुढं कळतच नाही, वर हवा नाही तिथं मात्र तोच पुरला. दुरुस्ती काय? इंजिन बंद झाल्यावर काही सेकंद जास्त थांबायचं आणि मग भाग सोडायचे, बास. २८ सप्टेंबरला चौथं कक्षेत पोचलं.

आता ग्राहकाच्या जागी बसून बघा. तीन वेळा आपटलेलं रॉकेट. समोरची बाई नुसतं 'साहेब, पुढच्या वेळी नक्की' म्हणाली तर तुम्ही चहा पाजून घालवाल. कुठला नट, किती सेकंद, हे तिला स्वतःला कळत असेल तर गोष्ट वेगळी.

मला हे का पटतं सांगतो. आमचा एक कास्टिंगचा लॉट ब्लोहोलमुळं, म्हणजे धातूत हवेची भोकं राहिल्यामुळं, परत आला, फोन मी घेतला आणि 'बघतो, कळवतो' एवढंच करत बसलो, कारण ब्लोहोल कशानं येतात तेच मला धड सांगता येईना. दुसऱ्या दिवशी पीओ, म्हणजे ऑर्डरच, कॅन्सल. वाळूत ओल जास्त होती, एवढंच होतं. पप्पा काही बोलले नाहीत, ते जास्त लागलं.

आणि हिचं बघा. डिसेंबर २००८ मध्ये नासानं स्पेस स्टेशनला सामान न्यायच्या १२ फेऱ्यांचं १६० कोटी डॉलरचं काम दिलं, कशावर, तर फाल्कन नाइन या त्यांच्या पुढच्या रॉकेटवर, जे तोवर एकदाही उडालं नव्हतं! त्याच महिन्यात ही प्रेसिडेंट झाली. फाल्कन नाइन पहिल्यांदा उडालं ४ जून २०१० ला, आणि त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत इरिडियम या सॅटेलाइट फोनवाल्या कंपनीबरोबर ४९ कोटी २० लाख डॉलरचा करार जाहीर. नाद खुळा! पुढचं लँडिंग वगैरे तुम्ही रील्समध्ये बघितलंयच, ते मी परत सांगत नाही.

मस्कचं काय म्हणून विचारणारे येतीलच. पैसा त्याचा, हट्ट त्याचा, मान्य. पण नुसत्या हट्टावर कोण उपग्रह हातात देतंय व्हय?

बरं, पप्पा खालनं हाक मारायला लागलेत, टेम्पो आलाय, माल चढवायचाय. आणि हा नटपण द्यायचाय परत, जॉबवरचाच काढून आणलाय मी, त्यांना सांगितलेलं नाही.