घोडा घसरतो, तिथे रबर चिकटतं

(पहाट. तांबड्या कातळाचा उघडा चढ. इंजिनाचा आवाज येतोय, गाडी अजून दिसत नाही.)

गाडीच्या काचेतून आत्ता फक्त आभाळ दिसतंय. चढ एवढा उभा की पुढचं सगळं बॉनेटने झाकलंय. पलीकडे काय आहे ते ठाऊक असलेला माणूस एकच. तो खाली उतरून समोर उभा आहे आणि हाताने खुणा करतोय. त्याला इथे स्पॉटर म्हणतात. एसटी मागे घेताना पाठीमागे उभा राहून 'येऊ दे, येऊ दे' करणारा कंडक्टर आठवा. काम तेच, फक्त फलाटाच्या जागी दरी.

हे मोआब. अमेरिकेच्या युटा राज्यातलं, कोलोरॅडो नदीकाठचं गाव. गावाच्या पूर्वेला सँड फ्लॅट्सच्या कातळावर 'हेल्स रिव्हेंज' नावाची वाट आहे. वाट म्हणायची ती सवयीने. दगडावर रंगवलेल्या खुणा आणि टायरांनी घासून उमटलेला काळा पट्टा, एवढंच तिचं अस्तित्व.

(कातळावरच्या तिरक्या रेघांचं जवळून दृश्य.)

सह्याद्रीचा आपला काळा कातळ लाव्हारसाचा. हा वाळूचा. सुमारे १९ कोटी वर्षांपूर्वी इथे वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचल्या. त्या गाडल्या गेल्या, कणाकणांत खनिजं झिरपली आणि टेकड्यांचा दगड झाला. या तिरक्या रेघा म्हणजे त्या टेकड्यांचे उतार. कोट्यवधी वर्षांपूर्वीचा वारा कुठून वाहत होता, ते त्यांवरून आजही सांगता येतं.

या दगडाला स्लिकरॉक, म्हणजे निसरडा खडक, म्हणतात. नाव घोड्यांच्या काळातलं. लोखंडी नाल इथे घसरायची. रबराला मात्र हाच खडक पॉलिश पेपरसारखा खरखरीत लागतो.

तरीही नुसतं रबर पुरत नाही. पेट्रोल पंपावर आपण '३२ भरा' म्हणतो. इथे वाटेच्या तोंडाशी लोक हवा काढत बसतात, १५ ते २० पर्यंत. टायर पसरतो, दगडाचा उंचसखलपणा पोटात घेतो. मग लो रेंजचा गिअर. इंजिन भराभरा फिरतं, चाक मात्र इंच-इंच. एखादं चाक हवेत लटकलं की साध्या गाडीत सगळी ताकद त्याच चाकात वाया जाते, ते नुसतं गरगरतं. डावी-उजवी चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरेन्शियल लॉक केला की दोन्ही चाकं बरोबर फिरतात, आणि जमिनीवरचं चाक गाडी ओढून नेतं. जोरात अ‍ॅक्सिलरेटर दाबून धुरळा उडवणारे व्हिडिओ पुष्कळ चालतात. इथले मुरलेले चालक मात्र चालत्या माणसापेक्षाही हळू जातात. बघायला कंटाळवाणं वाटेल, पण कसब त्यातच आहे.

(शेफर ट्रेल. कड्यावरून उतरणारी नागमोडी वाट, वरून.)

आता हा घाट पाहा. कॅनियनलँड्स राष्ट्रीय उद्यानातला शेफर ट्रेल. सुमारे साडेचारशे मीटरचा उतार, कठडा नाही. मूळ पायवाट इथल्या आदिवासींची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेफर कुटुंबाने ती गुरं नेण्यासाठी वापरात आणली. तिचा गाडीरस्ता झाला तो युरेनियमसाठी.

अणुबॉम्बसाठी अमेरिकेला युरेनियम हवं होतं. १९५२ मध्ये चार्ली स्टीन नावाच्या कफल्लक भूगर्भतज्ज्ञाला मोआबच्या आग्नेयेला त्याचा मोठा साठा सापडला. किरणोत्सर्ग ओळखणारं यंत्र, गायगर काउंटर, घ्यायलाही त्याच्याकडे पैसे नव्हते. बातमी पसरली आणि युद्धातून मोकळ्या झालेल्या जुन्या जीप घेऊन माणसं या दऱ्यांत घुसली. जेमतेम १३०० वस्तीचं गाव दहा वर्षांत साडेचार हजारांवर गेलं. कड्याखालून जाणारा १६० किलोमीटरचा व्हाइट रिम रस्ताही त्याच काळात, अणुऊर्जा आयोगाने केलेला. तिथे युरेनियम फारसं मिळालं नाही. रस्ता राहिला. आता त्यावर जायला आधी परवाना काढावा लागतो.

खाणी थंडावत गेल्या, तशा या वाटा हौशी लोकांच्या झाल्या. १९६७ मध्ये गावच्या व्यापारी मंडळाने ईस्टरला एक दिवसाची जीप सफर काढली. आज ती नऊ दिवस चालते. त्या दिवसांत गावात गाडी लावायला जागा मिळणं म्हणजे नवस फळल्यासारखं.

(कॅमेरा जमिनीलगत. काळसर, खडबडीत माती.)

खडकावर चाक घातलं तर काळा डाग पडतो. या मातीवर घातलं तर गोष्ट वेगळी. हा काळा पापुद्रा जिवंत आहे: सूक्ष्मजीव, दगडफूल, शेवाळ. त्यानेच वाळू धरून ठेवली आहे. समोरच्या गाडीला वाट द्यायला दोन फूट बाजूला घेतलं, तरी तो पुन्हा धरायला कित्येक दशकं लागू शकतात. म्हणून इथले जाणते वळसा घालत नाहीत. अडलेली गाडी निघेपर्यंत मागे थांबतात, थर्मास उघडतात.

(संध्याकाळ. पोटॅश रोड, नदीला समांतर.)

शेफरचा घाट उतरून पुढे गेलं की पोटॅशच्या खाणीचे निळेशार तलाव लागतात, मग डांबरी रस्ता, आणि नदीच्या काठाकाठाने मोआब. हमरस्त्याला मिळण्याआधी एक कुंपण घातलेलं मोठं मैदान दिसतं. १९५६ मध्ये स्टीनच्याच कंपनीने इथे दगड दळून युरेनियम वेगळं काढणारी गिरणी सुरू केली होती. गिरणी गेली आणि मागे उरला किरणोत्सारी गाळाचा ढीग, १ कोटी ६० लाख टनांचा, नदीला अगदी खेटून. २००९ पासून तो रेल्वेच्या डब्यांत भरून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला नेऊन पुरायला सुरुवात झाली. ढिगाचा बहुतांश भाग हललाय.

(कुंपणाशेजारी धुळीने माखलेली जीप उभी. चालक खाली उतरतो, टायरमध्ये पुन्हा हवा भरू लागतो. कॉम्प्रेसरचा आवाज.)