पौलाला पाठ असलेला कवी

मंडळी, ख्रिस्ती शाळेत ग्रीक शिकवायचं म्हटलं की पालकांचे दोन प्रश्न हमखास येतात. दहावीला त्याचे मार्क किती? आणि झ्यूसच्या कविता आमच्या मुलांनी का वाचायच्या? पहिल्याचं उत्तर सोपं आहे: मार्कांसाठी संस्कृत घ्या. दुसऱ्याचं उत्तर बायबलच्या नव्या करारातल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात, १७व्या अध्यायाच्या २८व्या वचनात आहे.

ख्रिस्ताचा प्रेषित पौल अथेन्सच्या विद्वानांपुढे बोलतोय. तिथे तो जुन्या करारातला यशया संदेष्टा काढत नाही, त्यांच्याच कवीची अर्धी ओळ म्हणतो: आपण त्याचा वंश आहोत. ही ओळ अरातसची, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली, ताऱ्यांवरच्या एका दीर्घकाव्याच्या सुरुवातीची. तिथे 'त्याचा' म्हणजे झ्यूसचा. पौलाने शब्द जवळजवळ तेच ठेवले, 'तो' मात्र बदलला. बायबलच्या तळटीपेवरून एवढंच समजतं की ओळ कुणाची. पौलाने काय केलं ते दोन्ही उतारे शेजारी ठेवल्याशिवाय दिसत नाही. ३६२ साली रोमन सम्राट युलियनने ख्रिस्ती शिक्षकांना होमर वगैरे शिकवायला बंदी केली, तेव्हा नाझियांझसच्या ग्रेगरीने, म्हणजे त्या काळच्या एका ख्रिस्ती धर्मपंडिताने, त्याच्यावर कडाडून टीका केली. आपलं काही गेलंच नाही, असं चर्चने म्हटलं नाही.

आता शिकवायचं कसं. आपल्या धोबीतलावचं सेंट झेवियर्स १८६९ साली ज्यांनी काढलं, त्या जेझुइटांचा, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या संघाचा, १५९९चा अध्यापनक्रम अजून कामाचा आहे. खालच्या वर्गाला एका तासाला जेमतेम चार ओळी. आधी शिक्षक सगळा उतारा मोठ्याने वाचतो. मग सारांश दोन वाक्यांत, मुलांच्या भाषेत. मग एकेक वाक्य सोडवायचं: क्रियापद कोणतं, कर्ता कोण, विभक्ती कोणती. संदर्भ त्यानंतर, आणि प्रवचन अगदी शेवटी. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. तिसऱ्याच मिनिटाला बोध सुरू होतो, मुलं मान डोलावतात आणि ओळ वाचायची राहूनच जाते.

आठवी-नववीत संस्कृत घेतलेल्या मराठी मुलाचं इथे निम्मं काम झालेलं असतं. संस्कृतच्या सात विभक्ती आणि संबोधन. ग्रीकच्या चार आणि संबोधन. पंचमीचं काम तिथे षष्ठी करते, तृतीया आणि सप्तमीचं चतुर्थी. पौलाच्या त्याच २८व्या वचनात 'त्याच्या ठायी' आहे. मूल सप्तमी शोधतं, सापडते चतुर्थी. तिथे थांबा, दहा मिनिटं गेली तरी चालतील. विभक्ती म्हणजे तक्ता नव्हे, काम, हे इथे कळतं. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू-ग्रीकवरून सगळं बायबल मराठीत आणलं, ते १९२४ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापून झालं. त्यामागे लहानपणी पाठ केलेलं संस्कृत होतं, हे आपण फार क्वचित सांगतो.

उच्चारांतही आपली मुलं पुढे असतात. थीटा, फी आणि खी ही अक्षरं जुन्या अथेन्समध्ये थ, फ, ख अशीच, महाप्राण होती. पण सगळं देवनागरीत लिहून देण्याचा मोह टाळा. ग्रीकमध्ये ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए' वेगळे, 'ओ'सुद्धा. आपल्या लिपीत दोन्ही एकच दिसतात आणि पुढे रूपं ओळखताना घोळ होतो. अक्षरं चोवीसच आहेत. दोन आठवड्यांत लिपी पक्की करा, नंतर देवनागरी बंद. ओळीखाली इंग्रजी छापलेल्या प्रतीही वर्गात नकोत; डोळा खालच्या ओळीवरून हलत नाही.

दुसऱ्या दिवशीची पहिली पाच मिनिटं पाठांतराला: कालच्या चार ओळी, पुस्तक मिटून. ज्याला येत नाहीत त्याने उघडून मोठ्याने वाचाव्यात. याला मार्क ठेवू नका, नाहीतर मुलं शनिवारी रात्री घोकतात आणि सोमवारी विसरतात.