पहिल्या सलाईनच्या आधी

(दृश्य : परळ, सकाळची वेळ. प्लास्टिकच्या पिशव्यांतल्या फायली, रांग.)

परळ. टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या बाहेरचा फुटपाथ. गावोगावहून, परराज्यांतून आलेली माणसं. प्रत्येकाच्या काखेत फाईल आणि डोक्यात प्रश्न. खर्च किती? केस जातील का? नोकरी राहील का? पंचविशीतल्या पोराच्या मनात आणखी एक प्रश्न असतो. पण शेजारी वडील बसलेले, मामा उभे, आणि डॉक्टरांसमोर अजून चाळीस केसपेपर. मग विचारायचं राहून जातं.

मला पुढे मूल होईल ना?

(दृश्य : सायकल शर्यतीची जुनी छायाचित्रं.)

ऑक्टोबर १९९६. अमेरिकन सायकलपटू लान्स आर्मस्ट्राँग, वय २५. वृषणाचा कॅन्सर, फुफ्फुसांत आणि मेंदूतही पोचलेला. एक वृषण लगोलग काढलं. किमो सुरू होण्यापूर्वी तो टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या स्पर्म बँकेत जाऊन आला. १९९९ मध्ये झालेला मुलगा आणि २००१ मधल्या जुळ्या मुली, ही त्याची पहिली तिन्ही मुलं त्या गोठवलेल्या वीर्यातून आयव्हीएफने झाली. २००९ मधलं मूल मात्र कोणत्याही उपचाराविना. डोपिंगपायी त्याची टूर द फ्रान्सची सातही विजेतेपदं पुढे काढून घेतली, ते योग्यच झालं. पण जीव वाचेल की नाही याची खात्री नसताना त्याला स्पर्म बँकेची आठवण वेळेवर करून देणारं कुणीतरी होतं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शकाखालचे शुक्राणू.)

किमोची औषधं झपाट्याने विभागणाऱ्या पेशींवर तुटून पडतात. केसांची मुळं, तोंडातलं अस्तर, अस्थिमज्जा. वृषणातल्या बीजपेशीही त्याच रांगेत. शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात, आणि पक्व होऊन बाहेर पडायला आणखी आठवडा-दोन आठवडे. त्यामुळे किमो सुरू झाल्यावरही काही आठवडे तपासणीत आकडे दिसतात. तो गोदामातला जुना माल. मग संख्या घसरत जाते, कधी शून्यावर येते. मूळ पेशी वाचल्या असतील तर वर्ष-दोन वर्षांत, कधी त्याहून उशिरा, उत्पादन परत सुरू होतं. त्या गेल्या, तर नाही.

कोणतं औषध आणि एकूण किती, यावर पुष्कळ अवलंबून. सायक्लोफॉस्फमाइड आणि प्रोकार्बाझिन या बाबतीत सगळ्यात निष्ठुर. हॉजकिन्स लिम्फोमा या लसिकाग्रंथींच्या कॅन्सरच्या जुन्या, प्रोकार्बाझिन असलेल्या उपचारानंतर बहुतेक पुरुषांचे शुक्राणू कायमचे जात. १९७० च्या दशकात मिलानमध्ये एबीव्हीडी हा नवा औषधसंच आला. त्यानंतर बहुतेकांचे शुक्राणू परत येऊ लागले. रेडिएशन, म्हणजे आपल्याकडे ज्याला ‘लाईट देणं’ म्हणतात, ते वृषणावर एक ग्रेपेक्षा (ग्रे हे रेडिएशन मोजण्याचं एकक) कमी पडलं तरी संख्या खाली येते.

आणि एक गैरसमज. किमो चालू आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत, असं नाही. त्या काळातले शुक्राणू सदोष असू शकतात, म्हणून उपचार चालू असताना आणि नंतरही काही महिने निरोध वापरायचा असतो.

(दृश्य : प्रयोगशाळा. नायट्रोजनच्या टाकीतून उठणारी वाफ.)

स्पर्म बँकेत काय होतं? निर्जंतुक डबी, झाकणाच्या कडेला नावाची पट्टी, एक छोटी खोली, आतून कडी. दोन-चार दिवस आधी वीर्यपात होऊ द्यायचा नाही, एवढंच पथ्य. कॅन्सर कळून आठवडाही न झालेल्या माणसाला त्या खोलीत पाठवतात. पहिल्या खेपेला अनेकांना जमत नाही, आणि त्यात काहीही वावगं नाही. नमुना आला की एक थेंब काचेवर घेऊन मोजणी होते. मग त्यात ग्लिसरॉल असलेलं द्रावण मिसळतात, गोठताना बर्फाच्या कणांनी पेशी फाटू नयेत म्हणून. बारीक नळ्या भरतात आणि उणे १९६ अंशांच्या द्रवरूप नायट्रोजनमध्ये सोडतात. संख्या कमी भरली तरी नमुना टाकून द्यायचा नसतो. १९९२ मध्ये ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी इक्सी तंत्राने, म्हणजे एकच शुक्राणू सुईने अंड्यात सोडून, झालेल्या पहिल्या बाळांची माहिती जगापुढे मांडली. तेव्हापासून एका अंड्याला एक जिवंत शुक्राणू पुरतो.

दोन-तीन नमुने आठवड्याभरात देऊन होतात. रक्ताच्या कॅन्सरमध्ये कधी तेवढीही सवड नसते. वयात न आलेल्या मुलांचं दुखणं आणखी अवघड. त्यांच्यात शुक्राणूच नसतात, आणि वृषणाचा तुकडा गोठवून ठेवण्याचं तंत्र अजून प्रयोगाच्या पायरीवर आहे.

(दृश्य : रक्त तपासणीच्या नळ्या.)

टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक बनवणाऱ्या वृषणातल्या पेशी वेगळ्या, लेडिग पेशी. त्या चिवट असतात. प्रौढ माणसात वीसेक ग्रे रेडिएशनपर्यंत बहुधा तग धरतात. तरी काहींचं टेस्टोस्टेरॉन उतरतं. थकवा जात नाही, पोट सुटतं, चिडचिड होते, शरीरसंबंधाची इच्छा मरते. घरचे म्हणतात, एवढ्या दुखण्यातून उठलाय, चालायचंच. खरं तर सकाळच्या रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळतं. सोबत एलएच आणि एफएसएच ही पिट्युटरीतून वृषणाला हुकूम देणारी संप्रेरकं पाहिली की दोष वृषणात आहे की मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीत, तेही उलगडतं.

इथे एक सापळा आहे, आणि माझ्या मते तो पुरेसा सांगितला जात नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन दिलं की पिट्युटरी वृषणाला हुकूम देणं थांबवते. माणसाला तरतरी येते आणि शुक्राणू बंद पडतात. मूल हवं असणाऱ्याला हे इंजेक्शन उलटं पडतं. त्याच्यासाठी वेगळी औषधं असतात.

(दृश्य : बागेतल्या बाकावर ज्येष्ठ नागरिक.)

प्रोस्टेटच्या कॅन्सरमध्ये मात्र टेस्टोस्टेरॉन मुद्दाम तोडतात. चार्ल्स हगिन्स यांनी शिकागोत १९४१ मध्ये दाखवलं, की वृषणं काढली की हा कॅन्सर मागे हटतो. १९६६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आज एक तर ती शस्त्रक्रिया करतात, नाही तर ठराविक महिन्यांनी इंजेक्शन देतात. सत्तरीतले आजोबा रात्री घामाने निथळून उठतात, आजी बीपीची गोळी शोधते. पाळी जाताना बाईला होते तीच ही काहिली. पण ‘पुरुषालाही होते’ हे दोघांना कुणी सांगितलेलं नसतं. स्नायू झडतात, साखर वाढू शकते, हाडं ठिसूळ होतात. म्हणून उपचार सुरू होतानाच हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन करून घ्यायचा असतो, पडून खुब्याचं हाड मोडल्यावर नाही.