मार्फत ५६ ए. पी. ओ.

(दृश्य: पत्र्याची पेटी. कुलूप निघतं, झाकण वर जातं. आतले कागद जवळून.)

निळी आंतरदेशीय पत्रं. मनीऑर्डरच्या कुपनांचा दोऱ्याने बांधलेला गठ्ठा. दोन-चार फोटो, कडा दुमडलेले. सातारा जिल्ह्यातल्या एका घरात माळ्यावरून ही पेटी आज खाली आली आहे.

पत्राच्या मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचा पत्ता बघा. आधी नंबर, मग हुद्दा, नाव, पलटण. शेवटची ओळ प्रत्येक पत्रावर तीच. मार्फत ५६ ए. पी. ओ. गाव नाही, तालुका नाही, राज्य नाही. शिक्क्यातही फील्ड पोस्ट ऑफिसचा, म्हणजे फौजेबरोबरच्या टपालघराचा, फक्त नंबर.

(बाइट: आजी)
"ह्ये कुठं हायेत, मला कधीच ठावं नसायचं. थंडी लई हाय म्हणून लिवलं, की समजायचं वर कुठंतरी असतील. आन् छप्पन्न ए. पी. ओ. लिवलं की पत्र बरोबर जायाचं."

(दृश्य: गावाची वेस, विजयस्तंभ, देवळासमोरचा पार.)

हे अपशिंगे. आसपासच्या गावांत याला अपशिंगे मिलिटरी म्हणतात. पहिल्या महायुद्धात या एका गावातले ४६ जवान कामी आले. त्यांच्या आठवणीचा हा स्तंभ. आजही इथल्या बहुतेक घरांतलं कोणी ना कोणी फौजेत आहे किंवा होतं. पोरं पहाटे रस्त्यावर धावतात ती भरतीसाठी.

गावाची ओळख सगळे शौर्याने करून देतात, आणि ती खरीच आहे. या गावाने पिढ्यान् पिढ्या आणखीही एक काम केलं आहे. सीमेवरच्या माणसाला घर लिहून पाठवण्याचं.

(दृश्य: गावातलं पोस्ट. तारखेचा शिक्का शाईवर, मग पत्रावर.)

या पेटीतली पत्रं जेव्हा येत-जात होती, तेव्हाचा त्यांचा रस्ता समजून घेऊ.

आजींचं पत्र गावच्या पोस्टातून साताऱ्याला जायचं आणि तिथून रेल्वेने दिल्लीला. ए. पी. ओ. म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस. ५६ ए. पी. ओ. हे दिल्लीतलं सैन्याचं मध्यवर्ती टपालघर. पूर्वेकडच्या पलटणींसाठी असंच एक कोलकात्यात आहे, ९९ ए. पी. ओ. कोणती पलटण आज कुठे आहे, हे नागरी पोस्टाला माहीत नसतं आणि माहीत असायचं कारणही नाही. ते या दोन ठिकाणी माहीत असतं. पलटण राजस्थानातून लडाखला हलली, तरी आजींनी लिहायचा पत्ता तोच. पत्र तिच्या मागोमाग जायचं.

मध्यवर्ती टपालघरात पत्रांची पलटणीप्रमाणे निवड होते. थैल्या बांधल्या जातात, फील्ड पोस्ट ऑफिसकडे रवाना होतात. तिथून पलटणीचा डाक नेणारा जवान थैली घेऊन जातो. जिथे गाडीरस्ता संपतो, तिथून पुढे खेचर, नाहीतर माणसाची पाठ, नाहीतर रसद नेणारं हेलिकॉप्टर. पिठाच्या आणि रॉकेलच्या बरोबरीने डाक वर जाते. फौजेच्या लेखी ती रसदच आहे.

(दृश्य: कामठीचा रस्ता, केंद्राचं प्रवेशद्वार. गणवेशातले टपाल कर्मचारी.)

आणि हे करणारी माणसं कोण? सैन्य टपाल सेवेतले बहुतेक जण टपाल खात्यातूनच येतात. काल काउंटरवर तिकिटं विकणारा बाबू, पत्रांची निवड करणारा सॉर्टर. ते नागपूरजवळच्या कामठीत येतात, सैनिकी शिक्षण घेतात, गणवेश चढवतात आणि फील्ड पोस्ट ऑफिसात रुजू होतात. काही वर्षांनी परत आपल्या काउंटरवर. त्यांच्या दलाचं ब्रीद दोन शब्दांचं आहे. मेल मिलाप.

ही व्यवस्था जुनी आहे. १८५६ साली इराणच्या मोहिमेसाठी मुंबईहून फौज निघाली, तेव्हापासून फौजेबरोबर टपाल चालू लागलं. १ मार्च १९७२ रोजी सैन्य टपाल सेवेचं स्वतंत्र दल झालं. त्याच वर्षी १५ ऑगस्टला देशात पिनकोड आला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, दळणवळण मंत्रालयातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. त्यांच्या पद्धतीत सगळा देश १ ते ८ या आकड्यांत बसतो. ९ हा आकडा कुठल्याच प्रदेशाचा नाही. तो सैन्याचा.

(दृश्य: दाभण, जाड दोरा, पांढऱ्या कापडात शिवलं जाणारं पार्सल.)

दिवाळीच्या आधी या गल्लीत घरोघरी हे दिसायचं. डबा कापडात घालून चारी बाजूंनी शिवायचा, टाक्यांवर लाख ओतायची, वरती शाईने ठळक पत्ता. काय पाठवायचं, याचंही शास्त्र होतं. शंकरपाळे कितीही दिवस टिकतात. चकलीचा चुरा होतो. करंजी कधीच पाठवायची नाही. बेसनाचे लाडू फुटतात, पण फुटले तरी चमच्याने खाता येतात, म्हणून ते चालतात. कोणीतरी एकदा लोणचं पाठवलं आणि सगळ्या पत्रांना तेल लागलं, ही गोष्ट गावात अजून सांगतात.

(दृश्य: आजीची नात पत्र वाचते.)

"सौ.स अनेक आशीर्वाद. पत्रास कारण की, मी इकडे खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी. बैल विकू नये, मी सुट्टीवर येतो तेव्हा बघू. तीर्थरूप आईस डॉक्टरकडे नेले का ते लिहिणे."

फौजी पत्रात लढाई नसते. असतात बैल, विहिरीचं पाणी, शाळेची फी, भावकीतला बांध. पलटणीचा ठावठिकाणा लिहायला मनाई, आणि हालअपेष्टा घरी कशाला कळवायच्या, म्हणून त्याही गाळलेल्या. मग उरतो तो संसार. दोन हजार किलोमीटरवर बसून माणूस घर चालवत होता, एका निळ्या कागदावर.

पूर्वी हे पत्र गावचे मास्तर नाहीतर पोस्टमन वाचून दाखवायचे. सगळं घर भोवती बसलेलं. नव्या सुनेसाठी त्यात वेगळं काही लिहायची सोयच नव्हती.

(बाइट: आजी)
"म्हणून तर मी अक्षरं शिकले. धाकट्या दिराच्या पाटीवर. सासूबाईंना म्हटलं, रामाचं नाव लिवता यावं म्हणून शिकते."

(दृश्य: मनीऑर्डरचं कुपन, जवळून.)

पैसेही याच वाटेने यायचे. मनीऑर्डरच्या फॉर्मला खाली निरोपासाठी छोटीशी जागा असे. त्यात मावेल एवढंच लिहायचं. "खत घ्या." "बाळाला कपडे घ्या." पोस्टमन पैसे मोजून द्यायचा, अंगठा घ्यायचा आणि ते कुपन फाडून हातात ठेवायचा. पैसे खर्च झाले. कुपनं राहिली आहेत.

(दृश्य: पुन्हा विजयस्तंभ, कोरलेली अक्षरं.)

या स्तंभाच्या पिढीचं काय? पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये लढणाऱ्या हिंदी शिपायांची पत्रं सरकार वाचत होतं. त्यासाठी सेन्सॉरची खास कचेरी होती. शिपायांनी त्यावरही तोड काढली. हिंदी फौजेला काळी मिरी म्हणायचं आणि गोऱ्यांना तांबडी मिरची. काळी मिरी संपत आली, असं घरी लिहिलं, की कळणाऱ्याला कळायचं. सेन्सॉरने निवडक उतारे इंग्रजीत करवून अहवालांना जोडले. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत नीट जपलेले आहेत. मूळ पत्रं गावोगावी आली आणि बहुतेक गेली. वाळवीने, पावसाने, चुलीत. सेन्सॉरच्या हाती न लागलेलं जे काही होतं, ते त्यांच्याबरोबर गेलं.

मराठा पलटणी तेव्हा मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होत्या. डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा इथे सहावी पुणे डिव्हिजन वेढली गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. कैदेत गेलेल्यांतले अनेक परत आले नाहीत.

(दृश्य: रस्त्यालगतचं बंद टपरीवजा एसटीडी बूथ. पाटीचा रंग उडालेला.)

१९९९. कारगिल. तोवर गावात फोन आला होता, पण शिखरांवर नव्हता. काही घरांत तार आधी आली आणि पत्र मागाहून.

नंतर चित्र झपाट्याने बदललं. दुर्गम चौक्यांवर सॅटेलाइट फोन पोचले. २०१७ मध्ये जवानांसाठी त्याचा दर मिनिटाला पाच रुपयांवरून एक रुपया झाला. २०२५ पर्यंत सियाचेनवरही मोबाइलचं नेटवर्क गेलं. सुरक्षेचे नियम आजही आहेतच. २०२० मध्ये सैन्याने जवानांना ८९ ॲप फोनमधून काढायला लावली, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होतं. तरी आज या घरातला नातू बापाचा चेहरा रोज बघू शकतो. आजींच्या वाट्याला हे आलं नव्हतं, आणि त्याचा आनंद त्यांच्याइतका कोणालाच नसेल.

पण या बोलण्याचा कागद होत नाही.

(दृश्य: ओसरीवर चटई. नात आणि तिच्या मैत्रिणी पत्रं तारखेप्रमाणे लावतात, मोबाइलने फोटो काढतात.)

म्हणून या मुली सध्या घरोघरी पेट्या उघडायला सांगताहेत. काही घरांत हाती फक्त भुसा लागतो. काही घरांत माणूस गेल्यावर पत्रंही नदीत सोडलेली असतात. जिथे आहेत, तिथे त्या प्रत्येक कागदाचा दोन्ही बाजूंनी फोटो काढतात आणि वहीत नोंद करतात. कोणी लिहिलं, कोणाला, कोणत्या तारखेचं.

तुमच्या घरी अशी पेटी असेल तर पत्रं उन्हात वाळत घालू नका. फाटलेल्या घडीला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच करू नका. साध्या सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. पाकीट वेगळं असेल तर तेही टाकू नका. फील्ड पोस्ट ऑफिसचा नंबर आणि तारीख पाकिटावर असते, आणि माणूस तेव्हा कुठे होता, हे आता त्यावरूनच शोधता येईल.