शत्रूला ठाऊक, तिला नाही

श्रोतेहो, नमस्कार.

न्यूयॉर्कमधली एक भाड्याची खोली. एक म्हातारी बाई पुतण्याला भेटायला येते. पुतण्या अंथरुणावर मेल्यासारखा झोपलाय. तोंड सुजलेलं, अंगभर मार, आणि अंगाशी लाल-निळ्या पोशाखाच्या चिंध्या. हा पोशाख अख्खं शहर ओळखतं. म्हातारी जागच्या जागी थिजते. आईबापाविना पोरका झालेला, तिनं लहानाचा मोठा केलेला, ज्याच्या नाजूक तब्येतीची काळजी तिनं जन्मभर वाहिली, तो पीटर पार्करच स्पायडर-मॅन आहे.

ही गोष्ट २००१ सालच्या एका कॉमिकमधली. पीटर ही व्यक्तिरेखा स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी १९६२ साली जन्माला घातली, म्हणजे मे काकूला हे कळायला वाचकांच्या हिशेबानं एकोणचाळीस वर्षं लागली. मधे एकदा, १९९५ साली, काकूनं मरता मरता ‘मला सगळं माहीत होतं’ असं सांगितलं होतं. पण पुढे लेखकांनी ठरवलं की ती खरी काकू नव्हतीच, तिचं सोंग घेतलेली एक नटी होती. मला तो निर्णय आजही पटलेला नाही. पण २००१ची काकू खरी, आणि त्यानंतर आलेला एक अंक माझ्या मनातून जात नाही. त्यात मारामारी नाही, उड्या नाहीत. काकू आणि पुतण्या समोरासमोर बसून बोलतात, एवढंच.

पीटर सांगतो की बेन काकांना मारणारा चोर आधी माझ्याच समोरून पळाला होता. मी त्याला अडवू शकलो असतो, अडवलं नाही. काका गेले ते माझ्यामुळे. काकू ऐकून घेते. मग ती तिचं सांगते. त्या दिवशी तिचं आणि बेनचं भांडण झालं होतं, तो घरातून बाहेर पडला होता. इतकी वर्षं ती समजत होती की काका गेला तो तिच्यामुळे.

एक घर, एक जेवणाचं टेबल, दोन माणसं. एकाच मरणाचं खापर दोघांनी आपापल्या डोक्यावर फोडून घेतलेलं, आणि दोघंही एकमेकांना जपायचं म्हणून गप्प. मुखवट्याचं गुपित एकटं राहत नाही, ते आपल्यासोबत घरातली बाकीची गुपितंही दाबून धरतं, हे मला त्या अंकानं दाखवलं. आज मला याच प्रश्नावर बोलायचंय. गोष्टीतल्या नायकानं आपलं खरं रूप घरच्यांना, जिवाभावाच्या माणसांना सांगावं की लपवावं? माझं मत आधीच सांगून टाकते. सांगावं. आणि लवकर सांगावं.

नायकाचा युक्तिवाद तुम्हाला तोंडपाठ असेल. ‘तुला कळलं तर तुझ्या जिवाला धोका. तुझ्याच भल्यासाठी गप्प आहे.’ ऐकायला हे फार थोर वाटतं. म्हणून ग्वेन स्टेसीकडे बघू या.

ग्वेन ही पीटरची प्रेयसी, कॉलेजातली मैत्रीण. तिचे वडील कॅप्टन जॉर्ज स्टेसी निवृत्त पोलीस अधिकारी. १९७० साली एका अंकात, कोसळणाऱ्या चिमणीखाली सापडलेल्या एका मुलाला वाचवताना ते जातात. स्पायडर-मॅनच्या हातांत प्राण सोडताना ते त्याला ‘पीटर’ म्हणून हाक मारतात. मुरलेला पोलीस, त्यानं केव्हाच ताडलं होतं. ग्वेनची काळजी घे, एवढं म्हणून ते डोळे मिटतात. पण ग्वेनला वाटतं की आपल्या वडिलांना स्पायडर-मॅननं मारलं. ती त्याचा द्वेष करायला लागते. आणि रडायला जाते पीटरच्या खांद्यावर.

ज्याला शिव्याशाप द्यायचे तोही हाच, ज्याच्या कुशीत शिरायचं तोही हाच, आणि तिला यातलं एकच ठाऊक. आपल्या वडिलांचे शेवटचे शब्द काय होते हे ऐकायचा हक्क कुणाचा होता? पीटरचा की तिचा? ते शब्द त्यानं स्वतःपाशी ठेवले. तिला जपण्यासाठी.

मग येतं १९७३ साल. ग्रीन गॉब्लिन, म्हणजे नॉर्मन ऑस्बॉर्न, ग्वेनला उचलून पुलाच्या मनोऱ्यावर नेतो. त्याला पीटरचं गुपित ठाऊक आहे, १९६६ पासून. तो तिला खाली ढकलतो. स्पायडर-मॅन जाळं फेकतो, जाळं तिला धरतं, पण त्या हिसक्यातच तिची मान मोडते. ती मरते आणि आपण का मेलो हे तिला शेवटपर्यंत कळत नाही.

मला हा अंक वाचताना सगळ्यात जास्त त्रास होतो तो मानेपाशी काढलेल्या त्या छोट्याशा आवाजाच्या अक्षरांचा नाही. त्रास होतो तो या हिशेबाचा, की शत्रूला ठाऊक होतं, तिला नव्हतं. गुपित ज्याच्यापासून लपवायला हवं होतं त्याच्यापर्यंत ते सात वर्षं आधीच पोचलं होतं. जिच्यापासून लपवलं, तीच बेसावध राहिली. तिला ठाऊक असतं तर ती वाचली असती का? मी तसं छातीठोकपणे म्हणणार नाही. पण ती दार लावून बसली असती, गाव सोडून गेली असती, किंवा म्हणाली असती की धोका कळूनही मी तुझ्याजवळच राहणार. यातलं काय करायचं हे तिनं ठरवलं असतं. तिच्या जिवाचा निर्णय तिच्या अपरोक्ष झाला, आणि त्याला आपण प्रेम म्हणतो.

सुपरमॅनचं उदाहरण याहून सौम्य, पण लांबण पाहा. १९३८ साली पहिल्याच अंकात क्लार्क केंट, म्हणजे साध्या वेशातला सुपरमॅन, आणि लोइस लेन एकाच वर्तमानपत्रात कामाला आहेत. लोइस हाडाची बातमीदार. पण दशकानुदशकं तिला समोरच्या चष्म्यामागचा माणूस दिसू द्यायचा नाही, म्हणून लेखकांनी किती युक्त्या लढवल्या! तिनं पुरावा गोळा करायचा, त्यानं तो खोटा पाडायचा, शेवटी ती तोंडघशी. तिची हुशारी दरवेळी खोटी ठरवली की एका बाईला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवणं कठीण जातं, हे कुणाच्या मनात आलं नसेल का? शेवटी १९९१ साली क्लार्कनं तिला स्वतः सांगितलं. तेही साखरपुडा झाल्यावर! होकार घेतला आधी, ओळख दिली नंतर. पचवायला तिला वेळ लागला, आणि लागायलाच हवा होता. लग्न झालं १९९६ साली.

याच्या उलट आपला वेताळ, म्हणजे इंग्रजीतला मुखवटाधारी ‘फँटम’. इंद्रजाल कॉमिक्समधून ज्यांच्या पिढीला तो मराठीत भेटला, त्यांना त्याची प्रेयसी डायना आठवत असेल. डायनाला तो कोण हे ठाऊक, कवटीची गुहा ठाऊक, त्याच्या आधी वेताळांच्या किती पिढ्या झाल्या हेही ठाऊक. १९७७ साली त्यांचं लग्न झालं, पुढे जुळी मुलं झाली, आणि ती संयुक्त राष्ट्रसंघातली स्वतःची नोकरीही करत राहिली. वाचकाला त्याचे डोळे कधी दिसले नाहीत, पण बायकोला दिसले. मला हे लहानपणीच फार योग्य वाटलं होतं.

लपवलेली ओळख या कल्पनेचं एक मोठं मूळ १९०५ सालच्या एका इंग्रजी कादंबरीत आहे, बॅरोनेस ऑर्झीच्या ‘द स्कार्लेट पिंपर्नेल’मध्ये. काळ १७९२चा, फ्रेंच राज्यक्रांतीचा. सर पर्सी ब्लेकनी हा वरकरणी कपड्यालत्त्यात दंग, मठ्ठ उमराव. प्रत्यक्षात तोच फ्रान्समध्ये घुसून गिलोटिनखाली जाणाऱ्यांना सोडवून आणतो, ‘स्कार्लेट पिंपर्नेल’ या एका लाल रानफुलाच्या नावानं. बायको मार्गरीट, पूर्वाश्रमीची पॅरिसची नटी. तिच्या बोलण्यामुळे एक सरदार घराणं गिलोटिनवर गेलं होतं. हे लग्नानंतर पर्सीच्या कानावर आलं आणि त्याचा तिच्यावरचा विश्वास उडाला. त्यानं विचारलं, पण तिनं मानापायी आपली बाजू सांगितली नाही.

मग फ्रान्सचा हेर शोव्हलँ तिला गाठतो. तुझा भाऊ आमच्या कचाट्यात आहे, तो जिवंत हवा असेल तर हा पिंपर्नेल कोण याचा पत्ता लावून दे. भावासाठी ती एका मेजवानीत हाती आलेली खबर शोव्हलँला देते. दुसऱ्या दिवशी नवऱ्याच्या खोलीत एक अंगठी सापडते. तिच्यावर तेच लाल फुलाचं चिन्ह. तिनं भाऊ वाचवायला आपलाच नवरा विकला होता.

ही कादंबरी वाचून अनेकजण म्हणतात, बघा, म्हणून तर त्यानं सांगितलं नाही, ती फितूर होतीच. मी उलट वाचते. तिनं नवरा विकला, कारण तो नवरा आहे हे तिला ठाऊक नव्हतं. कळल्या क्षणी ती त्याला सावध करायला जीव मुठीत धरून समुद्र ओलांडून जाते.

आपल्याकडे यावर लगेच म्हणतात की बायकांच्या तोंडात तीळ भिजत नाही. आणि त्याला आधार देतात महाभारताचा. युद्ध संपलं, तर्पण चाललंय, आणि कुंती सांगते की कर्णालाही पाणी द्या, तो तुमचा थोरला भाऊ. युधिष्ठिर कोसळतो आणि शाप देतो की स्त्रियांच्या मनात गुपित राहणार नाही. हा शाप मला नेहमी टोचतो. अहो, कुंतीनं तर ते जन्मभर राखलं! जास्तच राखलं, तेच दुःख आहे. शिवाय ते एकट्या कुंतीपाशी नव्हतं. कृष्णाला ठाऊक होतं, युद्धाआधी त्यानंच कर्णाला रथात बसवून सांगितलं. खुद्द कर्णाला ठाऊक होतं. त्यानं कृष्णाला गळ घातली की युधिष्ठिराला सांगू नकोस, तो मला राज्य देऊन टाकेल आणि मी ते दुर्योधनाला देईन. लपवण्याच्या बाजूनं मी वाचलेलं सगळ्यात प्रामाणिक कारण हेच. कर्ण कुणाला भोळं समजत नाही, भावाचा चांगुलपणा ओळखूनच गप्प राहतो. तरीही शेवट काय? भावानं भावाला मारलं, आणि पाणी सोडायच्या वेळी नातं कळलं.

तिळाचं म्हणाल, तर पुढे पीटरची बायको झालेल्या मेरी जेन वॉटसनची गोष्ट ऐका. १९८४ साली ती पीटरला सांगते की तू कोण हे मला माहीत आहे. तो हादरतो. पुढे १९८९ साली एका कथेत उलगडलं की तिला अगदी सुरुवातीपासून ठाऊक होतं. बेन काका गेले त्या रात्री शेजारच्या खिडकीतून तिनं त्याला त्या पोशाखात बाहेर पडताना पाहिलं होतं. म्हणजे ती सगळी हसरी, नखरेल, पार्ट्यांत नाचणारी मेरी जेन पोटात एवढं घेऊन वावरत होती, आणि तो तिला थापा मारत होता. त्याच्या थापा खऱ्या मानल्यासारखं दाखवायचं काम ती एकटीनं करत होती. लपवणाऱ्याला वाटतं की ओझं माझ्या एकट्यावर आहे.

एक आक्षेप मात्र मी मनापासून मान्य करते. २००६ साली पीटर पत्रकारांसमोर मुखवटा काढतो. त्याआधी तो घरात मे काकूशी, मेरी जेनशी बोलतो, त्या पाठीशी उभ्या राहतात. आणि तरी पुढे त्याच्यासाठी झाडलेली गोळी लागते ती काकूला. तिला वाचवण्यासाठी पीटर आणि मेरी जेन सैतानाशी सौदा करतात, त्यात त्यांचं लग्नच पुसलं जातं, आणि त्याचं गुपित पुन्हा सगळ्यांच्या डोक्यातून नाहीसं होतं. बऱ्याच वाचकांना तेव्हा राग आला, मलाही आला. पण धडधडीत सत्य हे की चव्हाट्यावर सांगणं आणि घरात सांगणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत. कॅमेऱ्यासमोर सांगितलेलं गुपित सगळ्यांचं होतं. चुलीपाशी सांगितलेलं तिथंच राहतं.

आणि घरातसुद्धा सगळंच सांगायला लागत नाही. हे मला कॉमिकच्या कितीतरी आधी माझ्या आजीनं सांगितलं.

माझं आजोळ कृष्णाकाठी, सातारा भागातलं. १९४३ नंतर पत्री सरकारच्या दिवसांत आजोबा भूमिगत होते. ते कोण आहेत, कशासाठी बाहेर पडलेत, पकडले गेले तर काय होईल, हे सगळं त्यांनी निघण्याआधी रात्री आजीला बसून सांगितलं होतं. आज कुठल्या वस्तीवर आहेत, हे मात्र कधीच नाही. फौजदार दारात येऊन दरडावायचा, तेव्हा ती खरंच सांगायची की मला माहीत नाही. रात्री दोन भाकऱ्या आणि खर्ड्याचा गोळा फडक्यात बांधून ती गोठ्यातल्या गव्हाणीत ठेवायची. पहाटे धार काढायला गेली की आधी गव्हाणीत हात घालायची. फडकं तसंच बांधलेलं असलं तर काल कुणी आलं नाही. नुसतं टाकलेलं असलं तर कुणीतरी आलं, पण ते नव्हेत. आणि चार पदरी घडी घातलेलं असलं, तर ते स्वतः येऊन गेले, धड आहेत.

घरात कुणाला हे ठाऊक नव्हतं, सासूलाही नाही. मी पाहिलेली आजी ऐंशीच्या घरातली. तेव्हाही भाकरीचं फडकं धुऊन वाळलं की ती ते मांडीवर घ्यायची आणि त्याची तशीच चार पदरी घडी घालायची.